मुलांची मैत्री आणि घरची परिस्थिती: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात १७ वर्षं शाळेत शिकवलं, आधी पेठेतल्या एका मराठी शाळेत आणि मग कर्वेनगरकडच्या इंग्लिश मिडियमच्या शाळेत, आणि आता मुलांशी आणि पालकांशी बोलायचं काम करते. पालकसभा संपल्यावर काही आया (आणि हल्ली बरेच बाबासुद्धा) दारापाशी रेंगाळतात आणि बाकीचे गेले की हळू आवाजात विचारतात, ते प्रश्न मार्कांचे नसतात. ते प्रश्न इथे लिहिलेत आणि मी जी उत्तरं देते तीच दिलीत.

एवढ्या लहान मुलांना गरीब-श्रीमंत कळतं का हो?

कळतं. आपल्याला वाटतं त्याच्या कितीतरी आधी कळतं. चार-पाच वर्षांच्या मुलांना दोन अनोळखी मुलांचे फोटो दाखवले, एकाजवळ मोठं घर, नवी खेळणी आणि दुसऱ्याजवळ जुनंपानं सामान, आणि विचारलं की यातला तुला कोण जास्त आवडेल, तर बरीच मुलं सामानवाल्याकडे बोट दाखवतात, हे बालमानसशास्त्राच्या अभ्यासात दिसलेलं आहे. पगार, भाडं, ईएमआय हे त्यांना कळत नाही, पण कोण 'भारी' आणि कोण नाही हे बरोब्बर कळतं.

एकदा कोथरूडला एका घरी गेले होते. तिथली पाच वर्षांची मुलगी भातुकली मांडून बसलेली. सगळ्या बाहुल्या ओळीने बसवल्या, इवल्या इवल्या कपांतून चहा दिला, आणि एक बाहुली मात्र उचलून लांब फ्रीजच्या कडेला ठेवली आणि तिला वाटीत चहा ओतला. मी म्हटलं, हिला कप नाही का गं? तर म्हणाली, "त्या मावशी आहेत ना, त्यांचा वेगळा असतो." तिला हे कुणीही शिकवलेलं नव्हतं, तिची आई अगदी रडवेली झाली, कारण खरंच कुणी एका शब्दाने काही बोललं नव्हतं. ओट्याच्या खाली कोपऱ्यात पालथा घातलेला तो एक कप ती पोर रोज बघत होती, बास.

आम्ही घरात जातपात, श्रीमंत-गरीब असलं काही बोलतच नाही. मग हे येतं कुठून?

न बोलल्यामुळेच येतं, असं माझं मत आहे. मूल बघतं आणि अर्थ स्वतः लावतं. सोफ्यावर कोण बसतं आणि दारात उभं राहून कोण बोलतं, सोसायटीत कुणाला कुठल्या लिफ्टने जायला सांगतात, वॉचमनकाकांना नाव आहे की नुसतंच 'वॉचमन'. आणि आपली मराठी तर हे सगळं क्रियापदातच सांगून टाकते! आजीच्या वयाच्या भाजीवालीला "ए, कशी दिली गं मेथी" आणि पंचविशीतल्या बँकेच्या माणसाला "अहो सर, तुम्ही सांगाल तसं". मूल तीन वर्षांचं झालं की कुणाला 'तू' आणि कुणाला 'तुम्ही' हे शिकतं, आणि ते वयावरून नाही तर दुसऱ्याच कशावरून तरी ठरतं हेही त्याच्या लक्षात येतं.

लहान मुलाला विचारून बघा की काही लोक गरीब का असतात. बहुतेक वेळा उत्तर येतं "ते अभ्यास करत नाहीत" किंवा "ते आळशी असतात". कारण लहान मुलं कुठल्याही गोष्टीचं कारण आधी माणसाच्या आतच शोधतात, बाहेरची परिस्थिती त्यांना दिसत नाही, ती कुणीतरी सांगावी लागते. म्हणून सांगायचं. साध्या शब्दांत. की मावशी पाच घरची कामं करतात, पहाटे उठतात, आपल्यापेक्षा जास्त राबतात, आणि तरी त्यांना पैसे कमी मिळतात कारण या कामाला लोक कमी पैसे देतात, आपणही त्यातलेच. शेवटचं वाक्य जड जातं पण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

नवीन मैत्रिणीला आडनाव विचारलं तर त्यात काय वाईट?

पुण्यात हा प्रश्न फार सहज येतो. "कुठली गं तू? आडनाव काय?" आणि आडनाव कळल्यावर आजीचा चेहरा जरासा सैल होतो किंवा जरासा आवळतो. मूल तो चेहरा वाचतं, आलेलं मूल तर त्याहून जास्त वाचतं.

याचा परिणाम किती खोल जातो ते सांगते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती, जितकी सुटतील तितके पैसे. कुणाची जात काय हे कुणालाच सांगितलं नाही तेव्हा तथाकथित वरच्या आणि खालच्या जातीच्या मुलांच्या कोडी सोडवण्यात फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत काय केलं, तर सुरुवातीला प्रत्येकाचं नाव, गाव, वडील-आजोबांचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. बाकी सगळं तेच, कोडी तीच, पैसे तेवढेच. आणि दलित मुलांची सोडवलेली कोडी लक्षात येण्याइतकी कमी झाली. हे २००६ साली छापून आलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझाच वर्ग आठवला, दर वर्षी जूनमध्ये शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मी हजेरीतून मोठ्याने नावं घेऊन मुलांना उभं करायचे. त्या वर्षीपासून ते बंद केलं, फॉर्म ऑफिसात एकेकट्याला बोलावून भरून घ्यायला लागले.

पण मुलांना हे सगळं सांगता येतं का? आमचा तर काहीच बोलत नाही.

विचारलं, आणि ऐकून घेणारं कुणी आहे असं वाटलं, तर येतं. याच पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने, मातंग समाजातल्या जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीने, महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. चौदा वर्षांची म्हणजे आपली आठवी-नववीतली मुलगी. तिला सगळं दिसत होतं आणि सगळं लिहिता आलं, कारण तिच्या शाळेला ते ऐकायचं होतं. तुमचा बोलत नसेल तर समोरासमोर बसवून विचारू नका. गाडीवर मागे बसलेला असताना विचारा, चेहरा दिसत नाही म्हणून मुलं तिथे बोलतात.

सातवीनंतर सगळं 'पॉप्युलर ग्रुप'भोवतीच फिरतं. आमची मुलगी त्यात नाही, काळजी करू का?

आधी एक फरक समजून घ्या. वर्गात 'आवडतं' असणं वेगळं आणि 'वजन' असणं वेगळं. १९८२ मध्ये कोई, डॉज आणि कोपोटेली या अमेरिकन संशोधकांनी मुलांना दोनच गोष्टी विचारल्या होत्या, वर्गात तुला सगळ्यात जास्त कोण आवडतं आणि सगळ्यात कमी कोण. त्यातून मुलांचे गट पडले: बऱ्याच जणांना आवडणारी, बऱ्याच जणांना नको असणारी, कुणाच्याच लक्षात न येणारी, आणि चौथी फार मजेशीर, काहींना खूप आवडणारी आणि काहींना अजिबात न आवडणारी. प्राथमिक शाळेत आवडतं असणं आणि वजन असणं बरंचसं एकच असतं. वयात येताना या दोन गोष्टी वेगळ्या व्हायला लागतात, म्हणजे ज्या मुलीला सगळे घाबरून असतात, जिच्या शेजारी बसायला धडपडतात, तीच मनातून कित्येकांना नको असते.

आणि हे वजन कशावर ठरतं? दिसणं, खेळ, फाडफाड इंग्लिश, फोन कुठला, सुट्टीत कुठे गेलात, टर्फ बुक करायचे पैसे कोण देतं. यातलं निम्मं तरी घरच्या पैशावर ठरतं, हे मुलांना माहीत असतं आणि आपण मात्र "तू नुसता छान वाग, मित्र आपोआप होतील" असं सांगत बसतो. मुलाला ते खोटं वाटतं, कारण ते अर्धं खोटं आहेच.

काळजीचं विचाराल तर मानसशास्त्रज्ञ जोसेफ अॅलन यांनी अमेरिकेत १८४ मुलं वयाच्या तेराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत बघितली. जी तेराव्या वर्षी मोठ्यांसारखं वागून भाव मिळवत होती, लवकर प्रेमप्रकरणं, छोटे-मोठे नको ते उद्योग, दिसायला छान असणाऱ्यांशीच दोस्ती, ती विशीत आल्यावर मागे पडलेली दिसली, दारूचे प्रश्न जास्त, नाती टिकवण्यात अडचण जास्त. तेव्हा ग्रुपमध्ये नाही एवढ्यावरून घाबरू नका. एक जरी पक्की मैत्रीण असेल तर पुष्कळ आहे. एकही नसेल, डबा एकटी खात असेल, तर मात्र थांबू नका, वर्गशिक्षकांना भेटा.

वर्गात आरटीईतून आलेली मुलं आहेत. आमच्या मुलाचा अभ्यास मागे पडेल, भाषा बिघडेल का?

हा प्रश्न विचारताना लोक खाली बघतात. विचारलात हे बरं केलंत, मनात ठेवण्यापेक्षा.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, तो २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या इयत्तेत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या, फी सरकारने भरायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दिल्लीत महागड्या शाळांमध्ये ही मुलं २००७ पासूनच यायला लागली होती आणि गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने नेमकं हेच तपासलं, २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. ज्या श्रीमंत मुलांच्या वर्गात गरीब मुलं होती ती जास्त वाटून घेणारी, मदतीला जास्त पुढे येणारी निघाली, आणि गरीब मुलांबरोबर खेळायला त्यांची ना कमी होती. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता तिथे इतर श्रीमंत मुलं हळू पळणारा पण आपल्यातला मुलगा घ्यायला तयार होती, ही मुलं मात्र जोरात पळणारा बघत होती, तो कुठल्या घरातला हे कमी बघत होती. मार्कांचं म्हणाल तर हिंदी आणि गणितात फरक नाही, इंग्लिशमध्ये किंचित घट, आणि हो, तोंडात वाईट शब्द येण्याच्या तक्रारी थोड्या वाढल्या. मी लपवून सांगत नाही. पण शिव्या काय, माझ्या अनुभवात बाणेरच्या टॉवरमधली मुलं मोबाइल गेमच्या हेडफोनवर त्याहून जास्त शिकतात.

त्यात अजून एक बारीक गोष्ट होती जी मला फार महत्त्वाची वाटते. काही शाळांत अभ्यासाचे छोटे गट नावाच्या अक्षरक्रमाने पाडलेले होते, त्यामुळे कोण गरीब मुलाच्या गटात येणार हे नशिबावर होतं. तर फरक मुख्यतः कुणात पडला, जी एका गटात बसून एकत्र काम करत होती त्यांच्यात. नुसतं एका छताखाली असणं पुरत नाही.

आमची मुलगी आरटीईतून शिकते. वर्गात सांगावं की लपवावं?

लपवायला शिकवू नका, पण जाहीर करायलाही लावू नका. हे तिचं आहे, कुणाला सांगायचं ते तिनेच ठरवू दे. घरी मात्र एकदा नीट सांगा की ही भीक नाही, कुणाचे उपकार नाहीत, हा संसदेने केलेला कायदा आहे.

शाळेने काय करू नये तेही माहीत असू द्या. केंद्राच्या नियमांत स्पष्ट आहे की या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी घ्यायचे नाहीत, पुस्तकं, गणवेश, लायब्ररी, खेळ कशातच भेदभाव करायचा नाही. तरीही एका शाळेत मी स्वतः ऐकलंय, स्नेहसंमेलनाचे पैसे गोळा करताना बाई म्हणाल्या, "आरटीईवाले हात वर करा." सात हात वर गेले, त्यातला एक अर्ध्यावरच थांबला आणि खाली आला. तो मुलगा संमेलनाच्या दिवशी आलाच नाही. बाई वाईट नव्हत्या, त्यांना यादी करायची होती. पण यादी ऑफिसात असते ना, ती वर्गात कशाला मागायची.

आणि आठवीच्या आधीच नववीचा विचार करून ठेवा. मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंत आहे, नववीला पूर्ण फी आली की कित्येक मुलांना शाळा बदलावी लागते, ऐन वयात, जेव्हा मैत्रिणी म्हणजेच जग असतं. मी अशा मुली बघितल्यात ज्यांनी मेमध्ये ग्रुप सोडला तो कुणालाही काही न सांगता. सातवीतच शाळेशी बोला, सवलत मिळते का बघा, आणि बदलावीच लागणार असेल तर मुलीला वर्षभर आधी सांगा म्हणजे तिला निरोप घेता येईल.

एका बाकावर बसतात, डबा एकत्र खातात, पण शाळेबाहेर मैत्री दिसत नाही. असं का?

कारण मैत्री पक्की होते ती घरी येण्या-जाण्याने, आणि तिथे आपण मोठे आड येतो. माझ्या सगळ्या वर्षांचं सार विचाराल तर हे एवढंच आहे. वर्गातला सगळ्यात जवळचा मित्र कोण म्हणून मी मुलांना विचारायचे आणि मग विचारायचे की तू त्याच्या घरी गेलायस का. घरी गेलेल्यांची मैत्री दहावीपर्यंत टिकलेली दिसायची, न गेलेल्यांची वर्गाची तुकडी बदलली की संपायची.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ७ कोटींहून जास्त फेसबुक वापरणाऱ्यांच्या मैत्रीवरून अभ्यास केला. गरीब घरातल्या मुलांना सधन मित्र असण्याचं प्रमाण जिथे जास्त तिथली गरीब मुलं मोठेपणी जास्त पुढे गेलेली दिसली. आणि सधन मित्र का नसतात, तर साधारण अर्धं कारण हे की भेटच होत नाही, शाळा वेगळ्या, वस्त्या वेगळ्या, आणि उरलेलं अर्धं हे की भेट होऊनही मैत्री होत नाही. पुण्यात पहिलं कारण तितकं मोठं असायला नको खरं तर. केळेवाडीची वस्ती आणि समोरच्या सोसायट्यांमध्ये रस्ता आहे एक. जनता वसाहतीतून खाली उतरलं की पाच मिनिटांत बंगले. पण मुलगा रस्ता ओलांडायला निघाला की आपण म्हणतो, "त्यालाच बोलव ना आपल्याकडे." आणि तो येतो, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा येत नाही, कारण नुसतं एकीकडेच जायचं म्हणजे पाहुणा व्हायचं, त्याला मित्र व्हायचं असतं. आपल्या मुलाला त्याच्या घरी पाठवा. तिथे जे देतील ते खाऊ दे. पाण्याची बाटली बरोबर देऊ नका.

बर्थडे पार्टी आणि रिटर्न गिफ्ट यांचं काय करायचं?

अख्ख्या वर्गाला बोलवा नाहीतर तिघा-चौघांना बोलवा, 'निवडक पंधरा' करू नका, राहिलेल्या मुलांना तीच गोष्ट वर्षभर पुरते. आमंत्रणात गिफ्ट नको असं लिहा आणि खरंच घेऊ नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकू नका.

मुलगा चार हजारांच्या बुटांसाठी अडून बसलाय. परवडत नाही, काय करू?

"आपल्याकडे पैसे झाडाला लागत नाहीत" हे वाक्य वापरू नका. त्याला बूट नकोत, त्याला वर्गात खाली मान घालायची नाहीये. आधी विचारा की कुणी काही बोललं का. बऱ्याचदा एक नेमका दिवस, एक नेमकं वाक्य सापडतं. मग आकडे समोर ठेवा, बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घरचा महिन्याचा हिशोब कळतो आणि तो विश्वासाने दाखवला तर त्याला मोठं झाल्यासारखं वाटतं. जमत असेल तर थोडे घाला, थोडे त्याला साठवू दे. कर्ज काढून घेऊ नका.

श्रीमंत घरातल्या मुलांना याचा काही त्रास होतो का?

होतो. मानसशास्त्रज्ञ सुनिया लुथर यांनी अमेरिकेतल्या सधन उपनगरांतल्या किशोरवयीन मुलांचा बरीच वर्षं अभ्यास केला, तिथे चिंता, नैराश्य, नशा अपेक्षेपेक्षा जास्त सापडलं, सतत पुढे राहायचा दबाव हे एक कारण आणि आईबाबांपासून लांब पडणं हे दुसरं. मला दिसतं ते अजून एक, या मुलांना कळत नाही की लोक आपल्यासाठी येतात की आपल्या स्विमिंग पूलसाठी.

चिडवणं हाताबाहेर गेलं तर?

तारीख आणि शब्द लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्षकांकडूनच त्रास असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, आणि मूल खचलंय असं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, दोन्ही मोफत.

मुलगी म्हणते मैत्रिणींना आपल्या घरी आणायचं नाही. आमची एकच खोली आहे, दांडेकर पुलाजवळ. तिला आमची लाज वाटते का?

तुमची नाही वाटत. तिला भीती वाटते की मैत्रीण घर बघेल आणि उद्या वर्गात तिच्याशी वेगळं वागेल, आणि ती भीती खोटी नाही, असं घडतं. म्हणून लगेच रागावू नका आणि "आम्ही कुणासाठी राबतो" हेही आत्ता नको. आधी एकच मैत्रीण निवडायला सांगा, जिच्याबद्दल तिला मनातून खात्री आहे. पहिल्यांदा बाहेर भेटू दे, सारसबागेत, पर्वतीच्या पायऱ्यांवर, कुठेही. शाळेच्या गेटवर त्या मैत्रिणीच्या आईशी तुम्ही स्वतः जाऊन बोला, तुमचं नाव सांगा, कुठे राहता ते सांगा, तुम्हीच आधी सांगितलंत की मुलीवर ते सांगायचं ओझं राहत नाही. मग काहीतरी काम काढून बोलवा, विज्ञानाचा तक्ता, रांगोळी, गॅदरिंगचा नाच, हातात काम असलं की नजर घरभर फिरत नाही. दीड तास पुरे. घर आवरा पण उसनं सामान आणून सजवू नका. कांदेपोहे करा, रोजच्याच ताटल्यांत द्या, आणि मग तुम्ही शेजारणीकडे जाऊन बसा, दार लोटून.